प्लेगच्या जिवाणूची पाठराखीण

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरचं कुणीतरी तिच्यासोबत जायचं. धाकटी बहीण, मावशी, कधी आजी. तिला पाठराखीण म्हणत. लग्नात कलश घेऊन मागे उभी असते ती करवली. पाठराखिणीचं काम त्यानंतर सुरू होतं. नवरीला परक्या घरात एकटं वाटू नये म्हणून पहिले दोन-चार दिवस सोबत करायची आणि ती रुळली की गुपचूप आपल्या घरी परतायचं. लग्नाच्या फोटोत ती बहुतेक वेळा कडेला, अर्धी कापलेली असते.

हा शब्द मी आज जिवाणूतल्या काही प्रथिनांसाठी वापरणार आहे, आणि जिवाणूही प्लेगचा.

पेशीतल्या काही प्रथिनांना ‘शॅपरोन’ म्हणतात. जुन्या इंग्रजी समाजात तरुण मुलगी नाचगाण्याच्या समारंभाला निघाली की तिच्याबरोबर एक प्रौढ बाई जाई, नको त्या माणसाशी नको ती सलगी होऊ नये म्हणून. ती शॅपरोन. १९७८ साली रॉन लास्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यातल्या न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनाबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. डीएनए आणि हिस्टोन प्रथिनं नुसती एकत्र केली तर त्यांचा चिकट साका होतो; न्यूक्लिओप्लाझ्मिन सोबत असेल तर ती नीट, ठरल्या रीतीने जुळतात. म्हणजे भलती सलगी टाळणं हेच काम. पुढे हा शब्द प्रथिनांना घडी घालायला मदत करणाऱ्या सगळ्याच मदतनिसांना चिकटला.

पण जिवाणूंमध्ये या मदतनिसांचा एक वेगळा गट आहे. त्यांच्याकडची प्रथिनं दुसऱ्याच्या घरात जायची असतात; ही त्यांना उंबऱ्यापर्यंत पोचवतात आणि मागे राहतात. यांना शॅपरोनपेक्षा पाठराखीणच म्हणायला हवं, असं मला वाटतं. सासर अर्थातच बळजबरीचं आहे. ते सासर म्हणजे आपली पेशी.

प्लेगचा जिवाणू, यर्सिनिया पेस्टिस, अलेक्झांडर यर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत शोधला. दोनच वर्षांत तो मुंबईत पोचला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातला रुग्ण तपासून हा प्लेगच आहे हे ओळखलं ते डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी, जे मूळचे गोव्याचे. पुढच्या वर्षी पुणं, रँड, चापेकर, आणि रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई फुले; हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. हा जिवाणू शरीरात शिरल्यावर नेमकं काय करतो, हे मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं नीट कळलेलं नव्हतं.

तो करतो ते असं. आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, जिवाणू दिसला की गिळणाऱ्या. प्लेगचा जिवाणू तिच्याजवळ आला की स्वतःच्या अंगावरच्या सुया तिला लावतो आणि त्यांतून अर्धा डझन प्रथिनं तिच्या आत सोडतो. ही प्रथिनं पेशीचा आतला सांगाडा ढिला करतात, तिच्या संदेशांच्या तारा कापतात. पेशी जिवंत असते, पण तिला गिळता येत नाही. पहारेकऱ्याला मारायचं नाही, फक्त त्याच्या हातापायांतली ताकद काढून घ्यायची.

या प्रथिनांना ‘यॉप’ म्हणतात, म्हणजे यर्सिनियाची बाह्य प्रथिनं. नाव चुकीचं आहे. ती सुरुवातीला जिवाणूच्या बाहेरच्या पटलाबरोबर, म्हणजे पातळ आवरणाबरोबर, सापडली म्हणून ती पटलाचीच असावीत असा समज झाला. प्रत्यक्षात ती बाहेर टाकली गेलेली होती आणि एकमेकांना चिकटून पटलासोबत नळीच्या तळाशी बसली होती. ती चिकटतात, हा मुद्दा लक्षात ठेवा.

सुई म्हटलं ती उपमा नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे यंत्र खरोखर इंजेक्शनच्या सिरिंजसारखं दिसतं. त्याचं नावही इंजेक्टिसोम. जिवाणूच्या दोन पटलांमध्ये रुतलेला पाया आणि बाहेर आलेली पोकळ सुई. १९९८ मध्ये साल्मोनेला या जिवाणूतलं हे यंत्र वेगळं काढून त्याची चित्रं घेतली गेली, तेव्हा ‘टाइप-३ स्रावयंत्रणा’ या कोरड्या नावामागे काय दडलंय ते लोकांना दिसलं. वीसहून अधिक प्रकारच्या प्रथिनांचा हा जुडगा. यर्सिनियाची सुई साधारण ६० नॅनोमीटर लांब. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आणि आतलं भोक? दोन ते अडीच नॅनोमीटर.

इथेच सगळी अडचण आहे.

प्रथिन तयार होतं ते लांब साखळीसारखं, अमिनो आम्लांचे मणी ओवलेलं. पण तयार होता होताच ते स्वतःभोवती गुंडाळून घट्ट घडी घालतं, कारण पाण्याला भिणारे त्याचे भाग आत लपायला बघतात. ‘यॉप-ई’ हे प्रथिन घ्या, २१९ अमिनो आम्लांचं. त्याची घडी झाली की जाडी या भोकापेक्षा सरळ जास्त. घडी घातलेलं प्रथिन या सुईतून जाऊच शकत नाही.

परकराच्या नेफ्यात नाडी ओवून पाहिलेल्यांना हे सांगायला नको. नाडी सरळ असेल तर सरकते. तिचा गुंता झाला की नेफ्याच्या तोंडाशीच अडते, आणि मग कितीही ढकला. म्हणून आपण काय करतो? नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावतो. पिनेमुळे टोक हाताला लागतं, ते कुठून घालायचं ते कळतं आणि टोक स्वतःच दुमडून बसत नाही.

यॉप-ईची पिन म्हणजे ‘सिक-ई’ नावाचं छोटं प्रथिन. १९९३ साली पिएर वातियो आणि गी कॉर्नेलिस यांनी यर्सिनिया एंटेरोकोलिटिका या प्लेगच्या जिवाणूच्या चुलत भावात त्याचं हे काम दाखवलं. नावाचा अर्थच ‘यॉपची खास सोबतीण’. खास म्हणजे अक्षरशः खास: सिक-ई यॉप-ईला सांभाळते, यॉप-एचसाठी सिक-एच, यॉप-टीसाठी सिक-टी. प्रत्येकीची आपली नवरी. पेशीतले सर्वसाधारण शॅपरोन असे नसतात. ते समोर येईल त्याला हात देतात आणि त्यासाठी एटीपी नावाचं इंधन जाळतात. सिक-ई आणि तिच्या बहिणी इंधन जाळत नाहीत. त्या फक्त धरून ठेवतात.

कशा धरतात ते कळायला स्फटिक बनवून त्यावर क्ष-किरण टाकावे लागले. २००१ मध्ये स्टेबिन्स आणि गालान यांनी साल्मोनेलातल्या ‘सिक-पी’ या पाठराखिणीची आणि तिच्या ‘एसपीटी-पी’ या प्रथिनाची जोडी दाखवली, आणि पुढच्या वर्षी सिक-ई व यॉप-ई यांची जोडी दिसली. (सिक-ई आणि सिक-पी यांच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे, कानाला मात्र नाही. नावं ठेवणाऱ्यांनी शिकवणाऱ्यांचा विचार केलेला नाही.)

जे दिसलं ते असं. सिक-ई अवघी १३० अमिनो आम्लांची. ती कधी एकटी नसते. दोघी एकमेकींना पाठ लावून जोडीने असतात. या जोडीच्या अंगावर पाण्याला भिणाऱ्या काही खाचा आहेत. यॉप-ईचा सुरुवातीचा भाग, अगदी टोकाची वीसेक अमिनो आम्लं सोडून पुढची पन्नास-साठ, या जोडीभोवती फेटा बांधावा तसा गुंडाळलेला असतो. त्याचे चिकट मणी जोडीच्या खाचांमध्ये बरोबर बसलेले. म्हणजे एरवी जो भाग स्वतःच्या घडीत गेला असता किंवा शेजाऱ्याला चिकटला असता, तो ताणून, पसरून, झाकून ठेवलेला.

मग उरलेलं प्रथिन? आधी वाटत होतं की पाठराखीण सगळंच प्रथिन उलगडलेलं ठेवत असेल. तसं नाही. यॉप-ईचं मागचं टोक, जे पुढे आपल्या पेशीत काम करणार असतं, ते पाठराखीण बसलेली असतानाही व्यवस्थित घडी घातलेलं असतं, इतकं की परीक्षानळीत ते आपलं काम करूनही दाखवतं. पिन फक्त नाडीच्या टोकाला लावलेली असते, सबंध नाडीला नाही.

मग ही घडी उलगडतं कोण? सुईच्या तळाशी, जिवाणूच्या आतल्या बाजूला, एक सहा पाकळ्यांचं यंत्र बसलेलं असतं. ते एटीपी जाळतं. आपल्या सगळ्यांच्या पेशींमध्ये एटीपी बनवणारं जे फिरतं यंत्र असतं, त्याचंच हे नात्यातलं. २००५ मध्ये अकेदा आणि गालान यांनी दाखवलं की साल्मोनेलातलं हे यंत्र पाठराखीण आणि प्रथिन यांच्या जोडीला ओळखतं, पाठराखिणीला सोडवतं आणि मग प्रथिनाची घडी मोडतं. प्रथिनाच्या मागे मुद्दाम एखादं जिद्दी, न उलगडणारं प्रथिन जोडलं तर ते तिथेच अडकतं. सुटलेली पाठराखीण जिवाणूच्या आतच राहते, पुढच्या प्रथिनासाठी मोकळी. नाडीची उपमा इथे मोडते: पिन नेफ्यातून आरपार जाते, पाठराखीण दारातूनच मागे फिरते.

आता त्या चिकट भागाकडे परत येऊ, कारण त्यात मला या सगळ्यातली सर्वांत मजेशीर गोष्ट वाटते. कॉर्नेलिस यांच्या प्रयोगशाळेत यॉप-ईमधून पाठराखीण जिथे बसते तो भागच कापून टाकला गेला. अपेक्षा अशी की आता हे प्रथिन पूर्ण निराधार होईल. झालं उलटंच: त्याला सिक-ईची गरजच उरली नाही, ते तिच्याशिवाय बाहेर पडू लागलं. म्हणजे पाठराखीण ज्या भागाला धरते, त्या भागामुळेच तिची गरज पडत होती! मग हा त्रासदायक चिकट भाग उत्क्रांतीने ठेवला कशाला? उत्तर सासरी मिळालं. आपल्या पेशीत शिरल्यावर यॉप-ई याच चिकट भागाच्या आधाराने पेशीच्या आतल्या पटलांना चिकटतं. घरात तो भाग उघडा पडला तर गोळा होऊन बसतो. तिकडे गेल्यावर त्याच्यावाचून चालत नाही. म्हणून घरात असेपर्यंत तेवढा झाकून ठेवायचा.

चिकट भाग झाकण्याचं याहून टोकाचं उदाहरण शिगेला या जिवाणूत आहे. रक्ती आव होते ती याच्यामुळे. त्याची ‘आयपीए-बी’ आणि ‘आयपीए-सी’ ही दोन प्रथिनं सुईतून बाहेर पडली की एकत्र येऊन आपल्या पेशीच्या पटलाला भोक पाडतात. बाहेर एकत्र यायलाच हवीत, आत मात्र मुळीच नकोत. ‘आयपीजी-सी’ नावाची पाठराखीण दोघांना वेगवेगळं धरून ठेवते. एकाच पाठराखिणीकडे दोन नवऱ्या, आणि दोघींची गाठ पडू द्यायची नाही. घडणीनेही ती सिक-ईसारखी नाही. तिच्यात छोट्या मळसूत्री तुकड्यांच्या जोड्या एकामागोमाग रचून एक खोलगट ओंजळ तयार झालेली असते, आणि त्या ओंजळीत प्रथिनाचा तुकडा बसतो.

आतापर्यंत पाठराखीण म्हणजे सांभाळणारी. ती पत्ताही सांगते. साल्मोनेलाच्या अंगावर सुयांशिवाय शेपट्याही असतात, पोहायला. शेपटीच्या तळाशी असलेलं यंत्र आणि सुईचं यंत्र हे एकाच घराण्यातले. शेपटीची प्रथिनंही अशाच पोकळ नळीतून टोकापर्यंत जातात आणि त्यांच्याही आपापल्या पाठराखिणी असतात. २००४ मध्ये गालान यांच्या गटाने एसपीटी-पी आणि आणखी एका प्रथिनातला पाठराखिणीचा भाग काढून टाकला. ती प्रथिनं बाहेर तर पडली, पण शेपटीच्या दाराने. पाठराखीण बरोबर नव्हती तर नवरी निघाली खरी, पण भलत्याच गावाच्या एसटीत बसली.

क्रमही तीच ठरवते. सुई लागल्यावर आधी भोक पाडणारी प्रथिनं जायला हवीत, मग बाकीची. उलटं झालं तर माल रस्त्यावर सांडणार. साल्मोनेलात सुईच्या तळाशी एक ओटा असतो, त्यावर आपापल्या पाठराखिणींसह प्रथिनं येऊन थांबतात आणि तिथे कुणाचा नंबर आधी हे लागतं. २०११ मध्ये हे दाखवताना गालान यांच्याच गटाने असंही दाखवलं की पाठराखीण नसेल तर त्या प्रथिनाला ओट्यावर जागाच मिळत नाही.

आणि हे सगळं होतं फार झपाट्याने. साल्मोनेलात एका प्रथिनाचा प्रवास सूक्ष्मदर्शकाखाली मोजला गेला, तेव्हा जिवाणू पेशीला चिकटल्यापासून दीड मिनिटाच्या आत स्राव सुरू झाला आणि काही हजार रेणूंचा सबंध साठा दोन ते दहा मिनिटांत रिकामा झाला.

साठा रिकामा झाला म्हणजे पाठराखिणी रिकाम्या झाल्या. त्या परत आल्यावर काय करतात? जुन्या घरांत पाठराखीण परतली की ओसरीवर सगळे तिच्याभोवती जमायचे. माणसं कशी आहेत, सासू कशी आहे, पोरीनं जेवण केलं का. जिवाणूतही जवळजवळ तेच होतं. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायच्या एका जातीत ‘सेस-टी’ नावाची पाठराखीण असते. तिच्याकडे एक नाही, जवळपास दहा प्रथिनांची जबाबदारी, आणि त्यातलं मुख्य म्हणजे ‘टिर’. टिर आपल्या आतड्याच्या पेशीत शिरलं की सेस-टी मोकळी होते. मोकळी झालेली सेस-टी मग जिवाणूतल्या ‘सीएसआर-ए’ या नियंत्रकाला जाऊन चिकटते, आणि त्याच्या ताब्यातल्या अनेक जनुकांचं काम बदलतं. २०१७ मध्ये हे समोर आलं. जिवाणूला डोळे नाहीत, बाहेर सुई कुणाच्या अंगात घुसली हे त्याला बघता येत नाही. पण पाठराखीण रिकाम्या हाताने फिरताना दिसली की काम झालं हे त्याला कळतं. शिगेलातली आयपीजी-सीसुद्धा असाच निरोप देते: तिच्या दोन्ही नवऱ्या गेल्या की ती एका दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवते आणि पुढच्या फळीची जनुकं चालू होतात.

इंजेक्टिसोम हा जिवाणूंचा एकमेव दरवाजा नव्हे, आणि त्यात फार थांबायची गरज नाही, पण एक-दोन नावं तरी सांगतो. साध्या ई. कोलायमध्ये रोजची बरीच प्रथिनं ‘सेक’ नावाच्या दाराने आतलं पटल ओलांडतात. तिथली पाठराखीण ‘सेक-बी’ चार जणींच्या चौकडीने काम करते. लांब, उलगडलेली साखळी या चौकडीभोवती गुंडाळलेली असते आणि ती तशीच ‘सेक-ए’ या मोटरच्या हाती दिली जाते. कोणत्याही एका नवरीची नाही, अनेकींची ती मावशी.

दुसरी मात्र पुन्हा प्लेगकडे घेऊन येते. ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या शरीरात, प्लेगचा जिवाणू स्वतःभोवती ‘एफ-वन’ नावाच्या प्रथिनाची बारीक धाग्यांची दुलई पांघरतो. या धाग्याचा एकेक मणी जन्मतःच अपुरा असतो: त्याच्या घडीत एक पट्टी कमी पडते आणि तिथे उघडी खाच राहते. दोन पटलांमधल्या फटीत ‘कॅफ-१-एम’ नावाची पाठराखीण त्याला गाठते आणि स्वतःची एक पट्टी त्या खाचेत घालून त्याची घडी पुरती करते. नवरीचं लुगडं अपुरं पडलं म्हणून पाठराखिणीने स्वतःचा पदर द्यावा, तसं. मग बाहेरच्या पटलातल्या दारापाशी पुढचा मणी येतो, स्वतःची पट्टी त्या खाचेत सरकवतो, आणि पाठराखीण आपला पदर सोडवून घेते. असा मण्यामागे मणी. त्या फटीत एटीपी नसतं, म्हणून इंधनाचा प्रश्नच येत नाही. मण्याची पट्टी पाठराखिणीच्या पट्टीपेक्षा खाचेत जास्त घट्ट बसते, एवढ्याच ओढीवर सगळा धागा विणला जातो.

ही दुलई घालून जिवाणू मॅक्रोफेजच्या हातून निसटतो खरा, पण त्याच दुलईने तो पकडलाही जातो. मादागास्करमध्ये प्लेग अजून होतो. २००३ मध्ये तिथे तपासलेल्या एका पट्टीवर रुग्णाच्या गाठीतला द्रव किंवा थुंकी टाकली की त्यातलं एफ-वन ओळखून पंधरा मिनिटांत रेघ उमटते. मांडवीत व्हिएगस यांच्याकडे असं काही नव्हतं. त्यांना रुग्णाच्या जांघेतली गाठ बघून ठरवावं लागलं होतं.